न थांबलेली ओळ

पावणेदहाला पोलीस ठाण्यात फोन वाजला. पलीकडची मुलगी रडत नव्हती, आरडाओरडा करत नव्हती. म्हणूनच हवालदाराने फोन तडक इन्स्पेक्टर बाईंच्या हातात दिला.

“माझी बहीण कालपासून सापडत नाहीये,” मुलगी म्हणाली. “ऑफिसात सगळे म्हणतात, ती आमची गंमत करतेय. पण तिचं इन्सुलिन इथे फ्रीजमध्ये पडलंय.”

“शेवटचं कधी घेतलं असेल?”

“काल दुपारी, जेवताना. रात्री आठला घ्यायचं होतं, आज सकाळी घ्यायचं होतं. दोन्ही चुकलेत.”

बाईंनी पत्ता लिहून घेतला आणि गाडीत बसल्याबसल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं: दुपारपासून उलट्या सुरू होतील, संध्याकाळपर्यंत शुद्ध हरपेल, प्यायला पाणी नसेल तर त्याच्याही आधी. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. एकच मोठी खोली, पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर, कोपऱ्यात चहा करायचा ओटा आणि त्याला लागून फ्रीज. भिंतींवर चित्रं डकवलेली, आणि सगळी खोल्यांचीच. जहाजाची केबिन, दवाखान्यातली खोली, जुनं ग्रंथालय. एकाही चित्रात माणूस नाही, आणि प्रत्येक चित्रातलं दार बंद.

आत चौघंजण होते. इस्त्रीच्या शर्टातले मालक फोन हातात घेऊन येरझारा घालत होते. खुर्चीत रेलून बसलेले ‘मास्तर’ पूर्वी शाळेत गणित शिकवायचे आणि आता कोडी रचत. तिशीतला, हळू बोलणारा चित्रकार पाण्याचा ग्लास घेऊन त्या मुलीच्या खुर्चीशी उभा होता. आणि खुर्चीत ती मुलगी, जिने फोन केला होता. तिला ऑफिसात धाकटी म्हणत, कारण हरवली होती ती तिची थोरली बहीण, इथली लेखिका, वेगळ्या घरी एकटी राहणारी. धाकटी तिला अक्का म्हणायची, म्हणून सगळेच अक्का म्हणत.

धाकटीचं आणि चित्रकाराचं जमलेलं आहे, हे कुणी सांगायची गरज नव्हती. गेल्या महिन्यात अक्कानेही होकार दिला होता.

ही मंडळी गोष्टींचे खेळ बनवत. पडद्यावर चित्र, खाली मजकूर. वाचत जायचं, पात्रांशी बोलायचं, दोन-तीन उत्तरांतून एक निवडायचं. आणि मग गोष्टीतली माणसं एखाद्या खोलीत कोंडली गेली, की तिथल्या वस्तू धुंडाळून, कोडी सोडवून बाहेर पडायचं. अशा बारा खोल्यांचा नवा खेळ आज संध्याकाळी सहा वाजता बाहेर जायचा होता.

“सकाळपासून काय काय झालं, ते सांग,” बाई धाकटीला म्हणाल्या.

धाकटीचं काम खेळ तपासायचं. रोज साडेआठला ती येई आणि आदल्या दिवशी काय बदललं ते बघे. त्यासाठी खेळात ‘पळव’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की एकदा वाचून झालेला मजकूर भराभर पळत सुटतो, आणि न वाचलेली ओळ आली की खेळ आपोआप थांबतो. आज पळवताना तो पहिल्याच खोलीत थांबला, आरशापाशी. तिथे कालपर्यंत एकच साधं वाक्य होतं. आज नवाच मजकूर होता, अक्काच्या नावाने.

बाईंनी पडद्यावर वाचलं. ‘मी एका खोलीत आहे. शोधा मला. संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे.’ त्याखाली तीन घड्याळांचं एक कोडं होतं.

“मी सात मिनिटांत सोडवलं,” मास्तर म्हणाले. “स्टेशनच्या सामानघरातलं कपाट, तिसरी रांग, चौदावा नंबर.” आवाजात थोडी ऐट होती. ती त्यांच्याच लक्षात आली आणि ते गप्प झाले.

नवाच्या सुमारास आलेल्या तिघांनीही तो मजकूर धाकटीच्याच पडद्यावर वाचला होता. मालक तर खूश झाले होते, जाहिरातीची काय नामी कल्पना म्हणून. ते स्टेशनवर माणूस धाडणारच होते. तेवढ्यात धाकटी डबा ठेवायला फ्रीजकडे गेली आणि दाराच्या कप्प्यात तिला अक्काची निळी पिशवी दिसली.

बाईंनी हवालदाराला स्टेशनवर पिटाळलं. मग त्यांनी विचारलं, आज कुणी आपापला कॉम्प्युटर चालू केला होता का? कुणीच केला नव्हता. आल्याआल्या सगळे धाकटीच्या टेबलाभोवती जमले होते. बाईंनी चारी बंद कॉम्प्युटरांवर कागदाच्या पट्ट्या डकवून सही केली. कुठेही गेल्यावर आधी हे करायचं, मग बसायचं, ही त्यांची जुनी खोड होती.

“मी स्टेशनवर जाऊ का?” चित्रकाराने विचारलं. “दोघं असलो तर लवकर होईल.”

“कुणीही इथून हलायचं नाही,” बाई म्हणाल्या.

तासाभराने हवालदाराचा फोन आला. तिसरी रांग, चौदावं कपाट. उघडंच होतं, रिकामं होतं, आत बोटभर धूळ.

धाकटीचा चेहरा उतरला. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “हे अक्काने लिहिलेलं नाही.”

“कशावरून?”

“ती खेळात घड्याळ कधीच लावत नाही. वेळ घातली की माणूस शोधायचं सोडून पळायला लागतो, असं म्हणते. त्यावरून मालकांशी दोनदा भांडली आहे. आणि इथे पहिल्याच ओळीत सहापर्यंतची मुदत.”

बाईंनी वहीत लिहून घेतलं. हा मजकूर खेळात कधी घातला गेला, हे कळेल का? धाकटीने पाहून सांगितलं. काल रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, अक्काच्याच कॉम्प्युटरवरून. पण त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला होता, आणि ऑफिसची किल्ली पाचही जणांकडे होती.

बाईंनी अक्काच्या टेबलापासून फ्रीजपर्यंतची पावलं मोजली. चार भरली. रात्री आठ वाजता ज्या बाईला इन्सुलिन घ्यायचंय, ती चार पावलांवरची पिशवी न उचलता कोडं लिहीत बसेल, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

मग त्यांनी तिघांना एकेक करून ओट्याजवळ बोलावलं. पहिले मालक.

“काल संध्याकाळी अक्कांशी तुमची वादावादी झाली?”

“झाली. ती म्हणाली, शेवटची खोली काढून टाकायची, नवी लिहायची, महिनाभर थांबा. मी म्हटलं, खेळ उद्या सहाला जाणार म्हणजे जाणार.”

“मग ठरलं काय?”

“तिचंच. तिच्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही, तसा करारच आहे. फक्त ती हजरच नसेल, तर पूर्वी मंजूर झालेलं जाईल.” एवढं बोलून मालकांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. काल सहापासून आपण घरी होतो, बायको-मुलं आणि सासूबाई साक्षीला आहेत, हे त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

मास्तरांना राग होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. शेवटच्या खोलीतलं कोडं त्यांनी चार महिने खपून रचलं होतं. अक्काला आता तिथे कोडंच नको होतं. चित्रही नको. नुसता काळा पडदा आणि मजकूर, खेळणाऱ्याने अंधारात बसायचं. “वेडेपणा,” मास्तर म्हणाले. “पण तिचे याआधीचे चार वेडेपणे लोकांनी डोक्यावर घेतले, हेही खरं.” काल संध्याकाळी ते पुतणीच्या घरी तिचा गणिताचा अभ्यास घेत होते.

चित्रकाराने खाली मान घालून उत्तरं दिली. काल साडेपाचला अक्का बाहेर पडली, ती शेवटची दिसली. तो सहाला निघाला, घरी गेला, डोकं दुखत होतं म्हणून झोपला. घरात तो एकटाच राहतो.

“शेवटच्या खोलीचं चित्र तुमचं. ते काढून टाकायचं ठरल्यावर वाईट नाही वाटलं?”

“गोष्ट तिची आहे. तिने ठरवायचं. काळा पडदा म्हणजे मला कामच कमी.”

“किती दिवस लागले होते त्या चित्राला?”

“आठ महिने.”

“ती खोली खरी आहे कुठे?”

“नाही. बाकीच्या खऱ्या आहेत, तिथे जाऊन फोटो काढले होते. ही मनातली.”

“आज सकाळी तो आरशाचा मजकूर तुम्ही कुठे वाचलात?”

“तिच्या पडद्यावर. सगळ्यांबरोबर.”

“त्याआधी?”

“त्याआधी कुठून वाचणार?” त्याने वर पाहिलं. “मॅडम, आपण इथे बसून काय करतोय? मला जाऊ द्या. मी शहरभर फिरेन, पण शोधेन तिला.”

हेच दोन प्रश्न बाईंनी मालकांना आणि मास्तरांनाही विचारले होते. उत्तरं तीच मिळाली होती.

साडेबारा वाजले. गल्लीबोळांत गस्तीची माणसं फिरत होती, दवाखाने तपासून झाले होते, आणि हाती धुपाटणंही आलं नव्हतं. बाईंनी अक्काचं टेबल उपसायला घेतलं. सगळ्यात खालच्या खणात, कागदांच्या गठ्ठ्याखाली, तिचा फोन सापडला. आवाज बंद केलेला, धाकटीचे सकाळपासूनचे नऊ फोन चुकलेले.

धाकटी फोनकडे बघत म्हणाली, “फोन ती दुसऱ्याकडे फक्त बसायला जाताना देते.”

“बसायला म्हणजे?”

ही इथली जुनी रीत होती. खोली लिहायच्या आधी अक्का त्या खऱ्या खोलीत जाऊन बसायची. फोन बरोबर येणाऱ्याकडे द्यायचा, त्याने बाहेरून कुलूप लावायचं, आणि बरोबर एका तासाने येऊन उघडायचं. त्या तासात माणूस काय शोधतो, कशाला हात लावतो, कधी घाबरतो, हे तिला अंगावर घेऊन बघायचं असे. कुलूप लावायला कधी मालक गेले होते, कधी मास्तर, कधी धाकटी स्वतः.

“पण बसणं कधीच संपलं,” धाकटी म्हणाली. “अकरा खऱ्या खोल्या होत्या, अकरांत बसून झालं. बारावी तर मनातलीच आहे.”

कालची एकूण गोष्ट बाईंना दिसायला लागली होती. साडेपाचला अक्का बाहेर पडली ती तासाभरासाठी, म्हणूनच पिशवी फ्रीजमध्ये राहिली. फोन तिने कुणाच्या तरी हातात दिला. आणि तो कुणीतरी तासाभराने दार उघडायला गेलाच नाही.

अकरा खोल्यांची यादी घेऊन गाड्या सुटल्या. बाई मात्र हलल्या नाहीत. त्या धाकटीच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “मला हा खेळ दाखव. लोकांना कोंडून घ्यायला का आवडतं, ते मला कळलेलं नाही.”

“कोंडून घ्यायला नाही आवडत कुणाला,” धाकटी म्हणाली. बोटं बटणांवर होती म्हणून तिला बोलता येत होतं. “पण या खोल्यांत एकही वस्तू उगाच ठेवलेली नसते. चमचा दिसला, तर तो पुढे लागणारच. चुकलात, तर मागे जाऊन दुसरं उत्तर देता येतं. आणि तुमच्या आधी कुणीतरी तिथे बसून बाहेरचा रस्ता करून ठेवलेला असतो. तो सापडायला वेळ लागेल, पण आहे हे नक्की. एवढी खात्री बाहेर कुठे मिळते?”

बाईंना ते मनापासून पटलं, आणि थोडा हेवाही वाटला. बावीस वर्षं त्या खोल्याच तपासत आल्या होत्या. त्यांच्या खोल्यांत शंभर वस्तू सापडत आणि त्यातल्या नव्व्याण्णव कशाच्याच नसत.

त्यांनी एकदम विचारलं, “बारावी खोली दाखव.”

पडद्यावर चित्र आलं. सुंदर होतं, यात वाद नाही. ओलसर हिरवट फरशी, उंचावर एक झरोका, भिंतीत लाकडी कपाट, त्यावर मास्तरांचं कोडं. बाई नाक पडद्याला टेकवून बघत राहिल्या. मग त्यांनी धाकटीला चार वस्तूंबद्दल विचारलं, खेळात त्यांचा उपयोग काय? धाकटीने एकेक दाबून पाहिली. चारींचा उपयोग शून्य होता.

“आता अजून एक सांग,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “मी काय वाचलंय, ते खेळाला कसं कळतं?”

“तो लक्षात ठेवतो. खेळ आमचा सगळ्यांचा एकच, पण कुणी काय वाचलं याची आठवण ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरात राहते. एक अक्षर जरी बदललं, तरी ती ओळ त्याला नवी.”

बाईंनी समोरच्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. अक्काच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘जो बनवेल, त्याने आधी स्वतः खेळायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.’

“हे सगळे पाळतात?”

“हातच वळत नाही त्याशिवाय. हा तर,” धाकटीने चित्रकाराकडे मान वळवली, “एका पडद्याचा रंग बदलला तरी खेळून बघतो.”

दीड वाजता बाईंनी तिघांना उभं केलं. सहीची पट्टी फाडायची, ज्याच्या त्याने आपला पासवर्ड घालायचा, आणि धाकटीने पहिल्या खोलीपासून ‘पळव’ दाबायचं. बाकी कुणी बोलायचं नाही.

मालकांचा कॉम्प्युटर उघडला. पहिल्या खोलीचा मजकूर सुळसुळ पळाला आणि आरशापाशी येऊन थांबला. ‘मी एका खोलीत आहे.’ ही ओळ या कॉम्प्युटरावर कुणी वाचलेली नव्हती. मालकांनी रुमालाने मान पुसली.

मास्तरांचा उघडला. मजकूर पळाला, आरशापाशी थांबला.

चित्रकाराने पासवर्ड घातला. धाकटीने बटण दाबलं. दार, खिडकी, टेबल, आरसा. आरशाची ओळ आली आणि गेली. त्यामागून घड्याळांचं कोडं, त्याचं उत्तर, सामानघर, कपाट, सगळं भर्रकन निघून गेलं आणि दुसरी खोली सुरू झाली.

धाकटीचं बोट बटणावरच राहिलं. कुठे थांबतं आणि कुठे नाही, हे बघण्यात तिची सहा वर्षं गेली होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“हा मजकूर तुम्ही पहिल्यांदा सकाळी तिच्या पडद्यावर वाचलात ना?” बाईंनी विचारलं.

चित्रकार म्हणाला, “माझ्या कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसलं असेल.”

“तुमचा पासवर्ड आत्ता तुम्ही बोटं आड धरून घातलात. तो हिलाही माहीत नाही. पण ते सोडा, मी सांगते काय झालं.” बाई उभ्याच होत्या. “अक्कांनी हे कोडं लिहिलं नाही. त्या मुदत घालत नाहीत, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी त्या इथे असत्या तर फ्रीज उघडला असता. मग लिहिलं कुणी? ज्याला हवं होतं की सकाळी सगळ्यांनी याला गंमत समजावं, स्टेशनकडे धावावं, पोलिसांना कळवू नये आणि सहा वाजून जावेत. सहानंतर जुनाच खेळ जातो. तो गेल्यावर मालकांचं भलं होत होतं, मास्तरांचंही होत होतं. म्हणून कारणावरून मला माणूस सापडेना. पण तुम्ही सगळे एकाच तालमीतले. खोटं कोडं रचलंत तरी ते स्वतः खेळून बघितल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही. ते तुम्ही या कॉम्प्युटरवर बसून खेळलात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि मग अक्कांच्या कॉम्प्युटरवरून आत घातलंत. खेळ सगळ्यांचा एक, आठवण ज्याची त्याची.”

बाईंनी धाकटीच्या पडद्याकडे बोट दाखवलं, तिथे बारावी खोली अजून उघडी होती.

“आता खोलीचं. बारावी खोली मनातली आहे, म्हणालात. मनातल्या खोलीत माणूस कामापुरत्या वस्तू ठेवतो, हे मला हिनेच शिकवलं. तुमच्या चित्रात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ आहे. फरशीला उतार आहे आणि खाली जाळी आहे. भिंतीला नंबरांचे आकडे आहेत, कपडे अडकवायचे, आणि त्यातला सातवा तुटलेला आहे. झरोक्याच्या काचेला आतून निळा रंग फासलाय. यातलं एकही खेळात लागत नाही. म्हणजे ते तुम्ही रचलेलं नाही, बघितलेलं आहे. पाय धुवायचा नळ, कपड्यांचे आकडे, पाणी वाहून जायला उतार. पोहण्याच्या तलावाची कपडे बदलायची खोली. शहरात असे बंद पडलेले तलाव दोन आहेत आणि दोन्हीकडे माझी माणसं वीस मिनिटांपूर्वी निघालीत. पण मोठ्या तलावाला अशा चाळीस खोल्या आहेत म्हणे. तुम्ही सांगितलंत तर दहा मिनिटं वाचतील. तिच्याकडे किती मिनिटं आहेत, मला माहीत नाही.”

चित्रकाराने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“मोठाच,” तो म्हणाला. “तळघरात. शेवटची.” मग तो धाकटीकडे वळला. “तिने काल पहिल्यांदाच ती खोली बघितली. मी मुद्दाम नेलं तिला. म्हटलं, बसून तर बघ, मग ठरव. तासाने उघडायला गेलो, तर आतून म्हणाली, दिवा घालव, मला हेच हवंय, अंधारच हवाय. आठ महिने मी... मी परत फिरलो. फक्त सहापर्यंत. नंतर पाया पडणार होतो तिच्या. पिशवी तिच्याजवळ असेल असं मला वाटलं गं.”

“पिशवी फ्रीजमध्ये आहे, हे तुम्हाला साडेनऊला कळलं,” बाई म्हणाल्या. “तोवर तो राग होता. आत्ता पावणेदोन झालेत. हे चार तास तुम्ही हिला पाणी देत बसलात आणि एकटं सुटायची वाट बघत राहिलात, गुपचूप दार उघडून यायला. कुणाला कळू नये म्हणून. त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.”

धाकटीने किल्ली उचलली होती आणि ती जिन्यापर्यंत पोचलीही होती.

तळघरात बॅटरीच्या उजेडात दार उघडलं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, ओठ फुटलेले, श्वास जोरजोरात चाललेला. नळाला पाणी नव्हतं. खोलीची मात्र दशा झाली होती. जमिनीवरची जाळी उचकटून बाजूला काढलेली. आकडे एकेक करून भिंतीतून उपटलेले आणि ओळीने, नंबराप्रमाणे मांडलेले. हात पोचेल तिथपर्यंत झरोक्याचा रंग नखांनी खरवडलेला. तिच्या दहाही बोटांना रक्त होतं.

डॉक्टर आत शिरले, सुई टोचली, बाटली लावली. अक्काने डोळे उघडले. तिला धाकटी दिसली आणि ती हसायला गेली.

“काय मस्त कोडं घातलंय गं त्याने,” ती कसंबसं म्हणाली. “रात्रभर बसले. सगळं लावून बघितलं. आकडे, जाळी, नळाचे वेढे. मला नाही सुटलं. उत्तर काय होतं?”

धाकटीने तिचे रक्ताळलेले हात आपल्या हातात घेतले. सकाळपासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.

“आत काहीच नव्हतं, अक्का,” ती म्हणाली. “दार बाहेरून उघडायचं होतं.”